तांडेलला पाणी आवडत नाही

५ नोव्हेंबर

फिजिक्सच्या जर्नलची उजवीकडची पानं भरलेली आहेत. डावीकडची आकृत्यांसाठी कोरी ठेवली होती. आकृत्या राहिल्या, कॉलेजही राहिलं. तेव्हा डावीकडे आता मी लिहिणार. कुणाच्या हाती लागलंच तर त्याने उजवीकडचं वाचावं. लोलकाचा प्रयोग आहे, नऊ मार्क होते.

कॉलेज सोडल्याला आज दोन महिने झाले. सलिल कॅन्टीनमध्ये आमच्या वर्गातल्या ऋजुताच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होता. मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिही आणि वर्गात बस. मी म्हटलं, लिहीत नाही. ते म्हणाले, मग बसू नकोस. झालं. ऋजुता जिन्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठीच असणार, आणखी कुणासाठी?

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. एकाच खोलीत बसून आईला सांगतात, "त्याला सांग, बर्फ उतरवायला ये म्हणावं." मी आईला सांगतो, "त्यांना सांग, येतो." आई म्हणते, "मी काय पोस्टमन हाय तुम्हा बापलेकांची?"

होडीवर जाऊन बसावं तर तेही नाही. होडी चालवणाऱ्या भिवा तांडेलाचा धाकटा बंदराबाहेर पडला की ओकतो, हे मिरकरवाड्यातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. म्हणूनच तर मला कॉलेजात घातलं होतं. आता ना इकडचा ना तिकडचा. सकाळी जेट्टीवर बर्फ, दुपारी घर, संध्याकाळी पुन्हा जेट्टी. गल्लीतून जाताना प्रत्येक ओट्यावरून एकच सवाल, "काय सुजय, कॉलेज काय म्हणतंय?" हल्ली मागच्या बाजूने जाळ्यांच्या ढिगांवरून उड्या मारत जातो.

७ नोव्हेंबर

दादाचा चिराग सोळा तारखेला सहा वर्षांचा होणार. दादा जहाजावर आहे, मार्चशिवाय येत नाही. फोनवर म्हणाला, "त्याला काहीतरी पाळायला आण रे सुजय. शाळेत कुणाशी बोलत नाय म्हणतात." म्हणून आज घरात सभा भरली. कुत्रा नको, वाळत घातलेली मासळी उचलेल. मांजरं गल्लीत चिकार आहेत. लव्हबर्ड्स मागच्या वर्षी मांजरानेच खाल्ले. काचेतले दोन मासे दिवाळीत आणले, देवदिवाळीआधी मेले.

गुणवंतीवहिनीने त्यालाच विचारलं, "तुला काय हवंय, बाबू?"

चिराग म्हणाला, "मरत नाय असं काहीतरी."

सगळे हसले. मी म्हटलं, "कासव. शंभर वर्षं जगतं. आवाज नाही, वास नाही, पळून जात नाही."

वहिनी म्हणाली, "तुझ्यापरीस बरंच की मग."

कासव का सुचलं ते इथे लिहायला हरकत नाही. मार्चमध्ये ऋजुताच्या स्टेटसला व्हिडिओ होता. किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडत होते, ही गुडघ्यावर बसलेली, पिल्लं पाण्याकडे सरपटत होती. मी तो चाळीस वेळा बघितला. आमच्या घरात कासव आहे म्हटल्यावर ती बघायला येईल. निदान फोटो मागेल.

चिराग बोट चोखत विचार करत होता. मग म्हणाला, "ते खरंच कुठं जात नाय?"

"कुठे जाणार? दारं-खिडक्या पाठीवर घेऊन फिरतं ते."

"चालेल," म्हणाला.

१० नोव्हेंबर

माझ्या मित्राची, बाळाची बाइक घेऊन हातखंब्याला गेलो. हायवेच्या कडेला पिंजरे, काचेच्या टाक्या आणि प्लास्टिकची फुलं एकत्र विकणारा एक माणूस बसतो. कासव म्हटल्यावर त्याने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग गाडीच्या डिकीतून कापडी पिशवी काढली. आत चार होती, एकावर एक, दगडांसारखी.

काय देखणं जनावर! काळी पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. म्हणाला, "शुभ असतं. पण कुणाला दाखवत बसू नका."

"का?"

"नजर लागते."

जवळ होतं ते सगळं दिलं, वर मनगटावरचं घड्याळही दिलं. परतताना पिशवी शर्टाच्या आत धरली होती. पोटावर त्याची नखं टोचत होती. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा घरी जावंसं वाटलं.

११ नोव्हेंबर

चिरागने वाढदिवसापर्यंत थांबायला नकार दिला. नाव ठेवलं तांडेल. "आजोबा होडीचे तांडेल, हा घराचा." आता बाबांना 'तांडेल जेवायला या' म्हटलं की चिराग कासवाकडे पळतो.

निळा टब धुतला आणि जेट्टीवरून दोन बादल्या समुद्राचं पाणी आणून भरला. नळाचं नको, त्याला घरच्यासारखं वाटायला हवं. मध्ये एक दगड ठेवला. तांडेल त्या दगडावर चढून बसला तो उतरेचना. ढकलून पाण्यात घातला की पाय मारमारून पुन्हा दगडावर. पाय गंमतशीर आहेत, हत्तीच्या पिल्लासारखे.

चिराग म्हणाला, "काका, त्याला पाणी आवडत नाय."

"कासव आहे ते. पाणी आवडत नाही कसं? नवीन जागा आहे, लाजतंय."

फोटो काढला, ऋजुताला पाठवायला. खाली लिहिलं : 'आमच्याकडे नवीन पाहुणा. तुझी आठवण झाली.' मग दुसरं वाक्य खोडून पाठवलं. एकच टिक.

१४ नोव्हेंबर

अजून एकच टिक. परीक्षेचा अभ्यास करत असेल. नेट बंद ठेवत असेल. हुशार मुली ठेवतात.

१६ नोव्हेंबर

वाढदिवस. केकवर कासव काढून मागितलं होतं, बेकरीवाल्याने भोपळ्याला पाय काढल्यासारखं काहीतरी काढलं. चिरागला आवडलं. त्याने तांडेलला अंगणात उन्हात ठेवलं आणि जास्वंदीचं फूल दिलं. काय चवीने खाल्लं त्याने, ओठांना लाल रंग लागला! मग काकडी. मग अंगणभर तुरुतुरु फिरला. चिराग त्याच्यामागे पोटावर सरपटत होता आणि मोठमोठ्याने बोलत होता. शाळेत न बोलणारा पोरगा. वहिनी पदर तोंडाला लावून दारात उभी होती.

मी दुपारी तांडेलला परत टबात घातलं. अंग सुकलं असतं.

आजच निळे टिक झाले. उत्तर नाही. पण बघितलंन तिने, तेही आजच्या दिवशी.

२१ नोव्हेंबर

प्राचार्यांनी शिपायाकडून चिठ्ठी पाठवली. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख बारा डिसेंबर, माफीनाम्यासह. आईने चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली आहे, जणू प्रसाद. "लिही की रे दोन ओळी. तुझं काय जातं?"

माझं काय जातं! ज्याने नक्कल केली तो वर्गात पहिल्या बाकावर आणि मी बर्फ उचलणार, वर 'चुकलो' असंही म्हणणार? आयुष्यात कुणाला म्हटलं नाही, त्या सलिलला म्हणू? भिंतीवर बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही.

टबाच्या कडेला तांडेल पुढचे पाय लावून उभा असतो. खर्र खर्र. घसरतो, पुन्हा उभा राहतो. दिवसभर तेच. मी टेकून बसतो आणि ऐकतो. या घरात माझी अवस्था फक्त त्यालाच कळते.

२४ नोव्हेंबर

बाबांची होडी चार दिवसांनी आली, जवळपास रिकामी. तीन खेपा झाल्या असंच चाललंय. बाबांनी घरात आल्यावर प्रथमच टबाकडे नजर टाकली, दारातूनच. तांडेलने डोकं आत घेतलेलं. बाबा आईला म्हणाले, "देवाला टोपात कोंडून ठेवलंन आणि दर्याकडे मासळी मागायची? त्याला सांग."

जाळ्यात कासव आलं की आमच्याकडे जाळं कापतात पण कासवाला इजा करत नाहीत. कपाळाला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पाया पडून पाण्यात सोडायचं. विष्णूच तो. लहानपणी मी बंदरावर एकदा बघितलं आहे. परातीएवढी पाठ होती, चार माणसांनी उचललं होतं.

आई दिवसभर धुसफुसत होती. "तुझे बाबा बोलले ते खरंच हाय. मुकं जनावर सुटायला धडपडतंय बघ."

आज पहिल्यांदा तिचं पटलं. ते रोज खरवडतं ते कशासाठी? भिंतीपलीकडे समुद्र गरजतो आहे, त्याला ऐकू येत असणार. तिथून कुणी पिशवीत घालून आणलं, आणि मी त्याच्याच समुद्राच्या दोन बादल्यांत त्याला कोंडलं. मी तर जेलर झालो.

२७ नोव्हेंबर

आज सोडलं!

चिरागला समजावणं कठीण होतं. "शंभर वर्षं कुठं जाणार नाय म्हणालास," एवढंच तो घोकत राहिला. मी त्याला ऋजुताचा तो व्हिडिओ दाखवला. सांगितलं, कासवं मोठी झाली की जिथून गेली त्याच किनाऱ्यावर परत येतात. पाठीवरच्या चांदण्यांवरून तू त्याला ओळखशील. तेव्हा तो गप्प झाला.

आईने पाटावर तांडेलला ठेवून हळद-कुंकू लावलं. त्याने डोकं आत ओढलं, त्यामुळे कुंकू पाठीवरच्या चांदणीला लागलं. नारळ वाढवला. वहिनी म्हणाली, "दर्यात जपून राहा हो," आणि खरोखरच पाया पडली.

बाळाने त्याची छोटी होडी काढली. किनाऱ्यावर सोडलं तर लाट परत आणेल म्हणून बंदराच्या तोंडाशी गेलो. मी दोनदा ओकलो. चिराग एका हाताने माझा शर्ट धरून होता, दुसऱ्या हाताने तांडेलला पोटाशी धरून.

दोन्ही हातांनी मी त्याला पाण्यावर ठेवलं आणि सोडलं. त्याने चारही पाय जोरजोरात मारले. सुटल्याचा आनंद! मग सरळ खाली गेला. हिरव्या पाण्यात चांदण्या दिसत होत्या, मग दिसेनाशा झाल्या. एकदाही मागे वळून बघितलं नाही. असंच जायला हवं माणसाने.

बाळा म्हणाला, "लय सरळ गेला रे."

चिरागने विचारलं, "श्वास घ्यायला कधी वर येतो?"

"तासन्‌तास रोखून धरतात ते."

तो पाण्याकडे बघत राहिला. रडला नाही. शहाणा आहे.

घरी येऊन टब पालथा घातला. आज माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. ऋजुताला लिहिलं : 'आज त्याला समुद्रात सोडलं. तुझ्यासारखं.'

२९ नोव्हेंबर

बाबा दुपारी आले. या खेपेलाही काही नाही. आईने उत्साहाने वाढता वाढता सांगितलं, कसं हळद-कुंकू लावलं, कसं सोडलं, आता बघा. बाबांनी विचारलं, "केवढं होतं?" आईने हाताची ओंजळ करून दाखवली.

बाबा जेवायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा थेट मला म्हणाले, "त्याला वल्ही होती काय रे?"

"म्हणजे?"

"पाय कसे होते? वल्ह्यासारखे चपटे?"

"नाही. गोल. नखं होती."

बाबांनी पानावरच हात धुतला आणि उठून गेले.

आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "मला काय माहीत! त्यांना कधी माझं केलेलं बरं वाटलंय?" ओरडलोच. मोबाइलवर शोधून बघता आलं असतं. हातात मोबाइल होता. शोधलं नाही.

चिराग शाळेतून आला. मी म्हटलं, चल, मांडवीला जाऊ, तांडेल दिसतोय का बघू. खिशात काकडीचा तुकडा घेऊन आला. जेट्टीवरून पाण्यात टाकला. मावळेपर्यंत बसलो.

३० नोव्हेंबर

सकाळी बर्फ उतरवताना फोन वाजला. स्क्रीनवर ऋजुता! लादी हातातून पडली. तीन महिन्यांत पहिला मेसेज.

'हे जमिनीवरचं कासव आहे. स्टार टॉर्टॉइज. याला पोहता येत नाही. पाळणंही गुन्हा आहे, वनखात्याकडे द्यायला हवं होतं. तू खरंच समुद्रात टाकलंस?'

मी जेट्टीच्या खांबाला धरून लिहिलं, 'हो.'

लिहितेय, लिहितेय असं बराच वेळ दिसलं. मग काहीच आलं नाही. दुपारी बघितलं तर तिचा फोटो गेलेला. मी पाठवतो त्याला एकच टिक. आता कळतंय, हा अभ्यासाचा टिक नव्हे.

आणि मला तिचं वाईट वाटत नाहीये, हेच विचित्र आहे. पोटावर नखं टोचल्यासारखं वाटतंय, तिथेच, जिथे पिशवी धरली होती.

तो पाय मारत होता.

१ डिसेंबर

हातखंब्याला गेलो. त्या माणसाला हायवेवर लोळवायचा ठरवून गेलो होतो. तिथे कुणी नव्हतं. मातीत टाक्यांचे चार चौकोन आणि एक प्लास्टिकचं फूल. शेजारचा चहावाला म्हणाला, आठवडा झाला उठून गेला, कुठे ते ठाऊक नाही. मूठ आवळून अर्धा तास उभा होतो. एसट्या गेल्या, ट्रक गेले. मारायला कुणीच नव्हतं. सगळ्यांना वगळत गेलो की शेवटी एकच माणूस उरत होता.

५ डिसेंबर

घरच्यांना सांगितलं. चिरागला सांगितलेलं नाही. वहिनी म्हणते, "नको सांगूस. तो हल्ली शाळेत बोलतो म्हणे. बाईंनी सांगितलं, सगळ्यांना सांगतोय, माझं कासव दर्यात हाय." आई देव्हाऱ्यासमोर बसते ती उठतच नाही. बाबांची होडी काल भरून आली. मासळी विकली आणि जेवलो.

रोज संध्याकाळी मी त्याला मांडवीला नेतो. न्यावंच लागतं. एक दिवस चुकवला तर विचारेल, का नाही? मग काय सांगू? तो काकडी टाकतो, मी 'ते बघ, तिकडे काहीतरी हललं' म्हणतो. शंभर वर्षं. मीच सांगितलं होतं ना? पन्नास वर्षांनीही हा येऊन उभा राहील आणि मी काठी टेकत म्हणेन, ते बघ, हललं. गल्लीतून निसटायला मागची वाट तरी आहे. यातून ती नाही.

९ डिसेंबर

आज म्हटलं, "ते बघ, हललं," तर चिराग बघायलाही वळला नाही. काकडी टाकली आणि हात चड्डीला पुसले.

११ डिसेंबर

लिहून टाकतो, जसं झालं तसं.

संध्याकाळी मांडवीला गेलो. भेळवाले होते, फिरायला आलेली माणसं होती, गळ टाकून बसलेले दोघेतिघे होते. चिरागने खिशातून काकडी काढली. मी त्याचा हात धरला.

"चिराग, तांडेल येणार नाही."

त्याने काकडी दुसऱ्या हातात घेतली.

"तो जमिनीवरचा होता. त्याला पोहता येत नव्हतं. मला माहीत नव्हतं. तो... बुडाला."

"म्हायती हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. होडीत बघितला ना. टबात पाय मारायचा तसाच मारत होता." मग शिक्षा झालेल्या पोरासारखा खाली मान घालून म्हणाला, "मी सांगितलेलं तुला. त्याला पाणी आवडत नाय म्हणून."

सांगितलं होतं. अकरा नोव्हेंबरला. मागचं पान उलटून बघितलं, माझ्याच अक्षरात आहे.

"मग रोज इथे कशाला येत होतास?"

"तू बोलवायचास ना."

त्या पोराने बारा दिवस मला सांभाळलं होतं. मी म्हटलं, "सॉरी, चिराग." हा शब्द तोंडातून निघाला, आणि भिंत वगैरे काही पडली नाही.

त्याने मान हलवली. "मला नको."

"मग?"

"त्याला बोल." बोट पाण्याकडे.

मी पाण्याकडे तोंड करून हळूच म्हटलं, "सॉरी."

"मोठ्यानं बोल. तो लय खाली हाय."

गळवाले बघत होते. भेळेच्या गाडीशी कॉलेजची चार पोरं होती, त्यांतल्या दोघांनी मला ओळखलं. एकाने मोबाइल वर केला. कान तापले, मूठ वळली. चिरागने ती मूठ दोन्ही हातांनी धरली, तांडेलला धरायचा तशी.

मी ओरडलो, "तांडेल! चुकलो रे! माझं चुकलं!"

पोरं हसली. एक म्हातारा गळवाला गळ सोडून उभा राहिला. लाट खांबांवर आपटून मागे गेली. चिराग जेट्टीच्या कडेला वाकून, कान देऊन ऐकत होता. बराच वेळ.

मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "अजून एकदा."